गाडीचा श्वास

दसऱ्याच्या दिवशी आपल्याकडे वाहनांची पूजा होते. सकाळी लवकर गाडी धुतली जाते, पुसली जाते. बॉनेटवर झेंडूची माळ चढते, चाकांना हळदकुंकू लागते. एरवी गाडीकडे ढुंकूनही न पाहणारी माणसे त्या दिवशी तिच्याभोवती कौतुकाने फिरतात. तिचा रंग, तिचे दिवे, तिच्या गाद्या यांची वाखाणणी होते. कोणी जरा जाणकार असला, तर इंजिनाच्या ताकदीविषयी दोन शब्द बोलतो. परंतु या साऱ्या कौतुकात एका वस्तूचा उल्लेख मी कधी ऐकलेला नाही. ही वस्तू बॉनेटखाली, एका काळ्या पेटीत, अंगाच्या घड्या घालून बसलेली असते. ती कागदाची असते आणि बहुधा मळलेली असते. तिचे नाव एअर फिल्टर. म्हणजे इंजिनात शिरणारी हवा गाळून घेणारी गाळणी. माझे मन मात्र या मळक्या गाळणीपाशीच अधिक रमते.

आपण सहज म्हणून जातो की, गाडी पेट्रोलवर चालते. हे अर्धेच खरे आहे. चुलीत नुसती लाकडे रचून ठेवली म्हणजे ती पेटत नाहीत. फुंकणीने वारा घालावा लागतो, तेव्हा कोठे जाळ धरतो. इंजिनाचेही तसेच आहे. ती एक बंद चूलच होय. तिच्यातही पेट्रोलाला हवा मिळाली तरच ते जळते. आणि ही हवा किती लागावी? एक किलो पेट्रोल पुरतेपणी जळण्यासाठी सुमारे १५ किलो हवा लागते. हवेचे वजन आपल्याला जाणवत नाही, म्हणून हाच हिशेब लिटरात मांडून पाहू. एक लिटर पेट्रोल जाळताना गाडी जवळजवळ ९,००० लिटर हवा ओढून घेते. उन्हाळ्यात गावोगाव पाणी घेऊन जाणारा टँकर तुम्ही पाहिला असेल. तसा एक टँकर भरेल एवढी हवा एका लिटरमागे! शांत बसलेला माणूस दिवसभराच्या श्वासोच्छ्वासात साधारण १०,००० लिटर हवा आत घेतो. म्हणजे आपण जेवढा श्वास चोवीस तासांत घेतो, जवळजवळ तेवढाच ही गाडी पंधरा-वीस किलोमीटरच्या वाटेत घेऊन टाकते. गाडी धावते असे आपण म्हणतो. धावता धावता ती धापाही टाकत असते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

आता ही हवा कोठली? ती काही हिमालयाच्या शिखरावरून येत नाही. ज्या रस्त्यावरून गाडी जाते, त्याच रस्त्यावरची हवा तिच्या वाट्याला येते. फाल्गुन-चैत्रात आपल्या पठारावरच्या कच्च्या वाटा आठवून पाहा. पुढे एखादा ट्रक गेला, की मागे धुळीचा लोट उठतो आणि कडेची बाभळीची झाडेही करड्या रंगाची होऊन जातात. त्या लोटातून आपण नाकावर रुमाल धरून जातो. गाडीला रुमाल कोण धरणार?

धूळ दिसायला मऊ असते. बोटांत धरली तर पिठासारखी लागते. पण तिच्यात वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झ या खनिजाचे, डोळ्यांना न दिसणारे कण मिसळलेले असतात, आणि हे कण इंजिनाच्या लोखंडाहून कठीण असतात. इंजिनाच्या पोटात दट्ट्या एका गोल नळकांड्यात मिनिटाला हजारो वेळा वरखाली होत असतो. या दोहोंमधली फट आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी असते, आणि तेलाचा एक पातळ थर त्यांना परस्परांवर घासू देत नाही. धुळीचे कण त्या तेलात जाऊन बसले, की तेलाचे वंगण उरत नाही; त्याचा जणू पॉलिश पेपर होतो. मग दट्ट्याच्या प्रत्येक फेरीबरोबर नळकांडे अगदी थोडे थोडे खरवडले जाते. एका दिवसात काहीच दिसत नाही. एका महिन्यातही दिसत नाही. पण फट रुंदावत जाते, जोर निसटू लागतो, वंगणाचे तेल जळू लागते, आणि एके दिवशी गाडीच्या मागून निळसर धूर निघू लागतो.

हे सारे घडू नये, म्हणून ती कागदाची गाळणी तेथे बसवलेली असते. पूर्वीच्या जीपगाड्यांत आणि ट्रॅक्टरांत हे काम तेलाकडे असे. आत येणारी हवा तेलाच्या भांड्यावरून वळवली जाई, आणि धूळ तेलात चिकटून राही. आजच्या मोटारींत बहुधा कागदाचा फिल्टर असतो. एकदा मी असा एक जुना फिल्टर हाती घेऊन त्याचे माप घेतले. चौकट केवढी, तर २५ सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद; म्हणजे शाळेच्या वहीहून फारशी मोठी नाही. पण कागदाला ५० घड्या होत्या, आणि प्रत्येक घडी ३ सेंटिमीटर खोल. घडीला दोन बाजू असतात, हे लक्षात घेऊन तुम्हीच गुणाकार करा. उलगडलेला कागद ६,००० चौरस सेंटिमीटर भरतो, चौकटीच्या बारापट! एवढे मोठे अंगण एवढ्याशा जागेत घडी घालून ठेवलेले असते. असे का करावे लागले? गाळणी दाट असेल तर हवा अडते, आणि विरळ असेल तर धूळ सुटते. घड्यांमुळे कागद दाट ठेवूनही हवेला ऐसपैस वाट मिळते. कमी जागेत संसार कसा नेटका मांडावा, हे त्या कागदाकडून शिकावे.

ही गाळणी नीट बसली नाही तर काय होते, हे मी माझ्या मामांच्या गाडीवरून जाणले. मामा आपल्या गावापासून तालुक्याच्या गावापर्यंत वडापाची जीप चालवीत. ती जीप त्यांनी जुनीच घेतली होती. सकाळी दुधाच्या किटल्या घेऊन निघालेली माणसे, कॉलेजला जाणारी मुले, बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्या, या साऱ्यांची ती गाडी. वाट निम्मी डांबरी, निम्मी मुरमाची; आणि साखर कारखाना सुरू झाला की उसाच्या ट्रकांनी त्या मुरमाचे पीठ होऊन जाई. मामांचा जीव गाडीवर होता. ते रोज पहाटे ती धूत, तेलपाणी पाहत. फिल्टरची पेटीही ते अधूनमधून उघडून बघत आणि समाधानाने म्हणत, "बघ, एवढ्या धुळीतून हिंडतो, पण फिल्टर कसा नवाकोरा आहे!"

एका हिवाळ्यात गाडी चढावर दम टाकू लागली. तेल वरचेवर घालावे लागू लागले. मामांनी ती तालुक्याच्या एका वृद्ध मेस्त्रींकडे नेली. मेस्त्रींनी इंजिनाचा आवाज ऐकला, मागचा धूर पाहिला, आणि मग ती काळी पेटी उघडून फिल्टर बाहेर काढला. तो खरोखरच स्वच्छ होता. मामांना वाटले, निदान ही बाजू तरी ठीक निघाली. पण मेस्त्रींचा चेहरा उतरला. पेटीतून इंजिनाकडे जाणाऱ्या जाड नळीत त्यांनी बोट फिरवले आणि ते मामांपुढे धरले. बोट तांबूस धुळीने माखले होते.

"दादा," ते म्हणाले, "तुमच्या इंजिनानं माती खाल्लीय."

माती खाणे हा वाक्प्रचार आपण माणसांच्या बाबतीत वापरतो. येथे तो शब्दशः खरा होता. गाडी मामांच्या हाती येण्यापूर्वीच कोणीतरी तीत दुसऱ्या गाडीच्या मापाचा फिल्टर बसवला होता. तो किंचित तोकडा होता. त्याची रबराची कड पेटीच्या कडेला घट्ट टेकत नव्हती, बोटभर फट राहिली होती. हवा पाण्यासारखीच सोपी वाट धरते. कागदातून गाळून जाण्याऐवजी ती त्या फटीतून सरळ आत गेली, आणि आपल्याबरोबर धूळ घेऊन गेली. फिल्टर नवाकोरा राहिला, कारण त्याला काम करूच दिले नव्हते! ज्या स्वच्छतेचे मामांना कौतुक वाटत होते, तीच बिघाडाची खूण होती.

इंजिन उतरवावे लागले. जीप तीन आठवडे मेस्त्रींच्या अंगणात उभी राहिली. मामांनी विहिरीवर मोटार बसवण्यासाठी दोन वर्षे पैसे साठवले होते, ते इंजिनाच्या कामात गेले. त्या वर्षी त्यांच्या रानात उन्हाळी भुईमूग झाला नाही. कॉलेजची मुले फाट्यापर्यंत पायी जाऊन एस.टी.ची वाट पाहत राहिली. एका बोटभर फटीतून केवढे नुकसान आत शिरले!

तेव्हापासून मामांनी एक नेम धरला. फिल्टर बदलला, की त्या दिवशीचा किलोमीटरचा आकडा ते बॉनेटच्या आतल्या बाजूस पांढऱ्या रंगाने लिहून ठेवत. बॉनेट उघडले की आकडा समोर! विसरण्याची सोयच नाही. त्यांच्याकडून आणि मेस्त्रींकडून मी जे ऐकले, आणि पुढे वाचून जे पडताळून पाहिले, ते येथे सांगतो.

फिल्टर केव्हा बदलावा? या प्रश्नाचे पहिले उत्तर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असते. साधारणपणे २० ते ४० हजार किलोमीटरांच्या दरम्यान हा आकडा येतो. पण पुस्तिकेतच पुढे लिहिलेले असते की, धुळीच्या वाटेवर गाडी चालत असेल, तर फिल्टर याहून बराच आधी पाहावा आणि बदलावा. म्हणून दुसरे उत्तर डोळ्यांनी शोधायचे. फिल्टर बाहेर काढून उजेडासमोर धरावा. घड्यांमधून उजेड झिरपताना दिसला, तर त्याच्यात अजून जीव आहे. उजेड अडला, कागदावर काळपट थर साचला, तेलाचे किंवा पाण्याचे डाग पडले, किंवा कोठे चीर गेली, तर त्याला निरोप द्यावा. आणि फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाकडच्या नळीत, बोट फिरवायला विसरू नये. फिल्टर मळलेला असावा आणि नळी स्वच्छ असावी. हे उलट दिसले, तर मामांच्या जीपची आठवण करावी.

फिल्टर बदलला की पेट्रोल पुष्कळ वाचते, असे अनेक जण सांगतात. हे म्हणणे तपासून घेण्यासारखे आहे. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये यावर एक अहवाल प्रसिद्ध केला. तेथील संशोधकांना असे आढळले की, नव्या धाटणीच्या मोटारींत फिल्टर तुंबला तरी इंधनाच्या खर्चात फारसा फरक पडत नाही. त्या मोटारींत एक लहानसा संगणक असतो. हवा कमी आली, तर तो इंधनही बेताने सोडतो. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या मोटारींना मात्र हे तारतम्य नसे. हवा कमी आणि पेट्रोल तेवढेच, असे होऊन त्या काळा धूर ओकत आणि पेट्रोल वाया घालवीत. मग नव्या गाडीचा फिल्टर तुंबला, तर तिचे काहीच बिघडत नाही काय? बिघडते. तिचा जोर कमी होतो. घाट चढताना किंवा पुढच्या वाहनाला मागे टाकताना ती ऐन वेळी कच खाते. आणि फाटका किंवा सैल फिल्टर तर नव्या-जुन्या कोणत्याच इंजिनाला क्षमा करीत नाही.

येथे कोणी म्हणेल, मग दर महिन्याला नवा फिल्टर बसवावा, म्हणजे चिंता नको! पण तेही शहाणपणाचे नाही. थोडा वापरलेला फिल्टर अगदी नव्या फिल्टरपेक्षा धूळ अधिक चांगली अडवतो. आधी अडकलेले कण कागदाची छिद्रे आणखी बारीक करतात, आणि मग नंतर येणारे सूक्ष्म कणही त्यांत सापडतात. ही गोष्ट वाचली तेव्हा मला लुगड्याची आठवण झाली. जुन्या लुगड्याच्या फडक्याने पाणी गाळण्याची रीत आपल्याकडे घरोघर होती. रिटा कॉलवेल या अमेरिकन शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी बांगलादेशातील खेड्यांत याचा अभ्यास केला, आणि त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. साडी निदान चार पदरी दुमडून तिच्यातून पाणी गाळले, तर पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटतात, असे त्यांना दिसून आले. आणि त्यासाठी नवी साडी नव्हे, तर वापरून मऊ झालेली जुनी साडीच अधिक उपयोगी. कारण धुऊन धुऊन तिचे धागे सुटतात आणि विणीतली छिद्रे बारीक होतात. कागद असो की कापड, अनुभवाने माणसासारखी गाळणीही शहाणी होते, असे मला वाटते. मात्र या शहाणपणाला एक सीमा आहे. कागदाच्या घड्या भरून गेल्या की तो हवेलाच अडवू लागतो. तेव्हा त्याला आणखी राबवणे हा अन्याय होय.

फिल्टर बदलण्याचे काम अवघे दहा मिनिटांचे आहे. तुम्ही अजून लहान आहात, तेव्हा ते घरातल्या मोठ्या माणसांनी करावे आणि तुम्ही जवळ उभे राहून पाहावे. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून निवू द्यावे, मग बॉनेट उघडून दांडीवर नीट टेकवावे. काळी पेटी शोधणे अवघड नाही. तिच्यातून एक जाड नळी इंजिनाकडे गेलेली असते. पेटीचे झाकण चिमट्यांनी किंवा स्क्रूंनी बसवलेले असते. नळीपाशी कोठे वायर जोडलेली असेल, तर ती ओढू नये. बहुधा हवा मोजणारे नाजूक उपकरण तेथे असते. झाकण उचलले की जुन्या फिल्टरची कोणती बाजू वर आहे, हे आधी पाहून ठेवावे. मग तो सरळ, न झटकता, वर उचलावा. झटकला, तर महिनोन्‌महिने अडवलेली धूळ एका क्षणात पेटीत सांडेल.

पेटीत पडलेली पाने, किडे आणि माती ओलसर फडक्याने टिपून घ्यावी. इंजिनाकडच्या तोंडात काही पडू देऊ नये. नवा फिल्टर त्याच गाडीच्या मापाचा आहे ना, हे जुन्यावर ठेवून पडताळावे. मग त्याची रबराची कड चारही बाजूंनी खोबणीत दाबून बसवावी, आणि झाकण लावून सगळे चिमटे टच्चकन लागल्याची खात्री करावी. कागदाचा फिल्टर पाण्याने धुऊन पुन्हा वापरू नये. भिजल्याने कागदाचा पोत बिघडतो. पंक्चरच्या दुकानातल्या नळीने त्याच्यावर जोराची हवा मारू नये. त्याने कागदाला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात. आणि फिल्टर काढून ठेवून "एवढ्या पाच मिनिटांनी काय होते" असे म्हणत गाडी मुळीच हाकू नये. धुळीला पाच मिनिटे पुष्कळ होतात.

आता विजेवर चालणाऱ्या मोटारी रस्त्यावर दिसू लागल्या आहेत. त्यांना पेट्रोल जाळायचे नसते, म्हणून इंजिनाची ही गाळणीही त्यांत नसते. तरी आत बसणाऱ्या माणसांच्या हवेसाठी त्यांतही एक निराळा फिल्टर असतो. तो पेट्रोलच्या आजच्या मोटारींतही असतो, आणि पुष्कळ जण या दोहोंत गल्लत करतात. एक माणसांच्या श्वासासाठी, दुसरा इंजिनाच्या. जोवर धूळ आहे आणि श्वास आहे, तोवर कोठे ना कोठे गाळणी लागणारच.

मेस्त्रींच्या त्या अंगणात जुन्या फिल्टरांचा एक ढीग पडलेला असे. मी त्यातला एक उचलून पाहिला. त्याच्या घडीघडीत कोणत्या तरी रस्त्यावरची माती होती. कोठली काळी, कोठली तांबडी, कोठे पराग, कोठे एखादे चिमुकले पंख. जेवढी धूळ त्या कागदात होती, तेवढी धूळ एका इंजिनाच्या पोटात गेली नव्हती. त्याचा मळ म्हणजे त्याच्या कामाची वहीच होती. पण ही वही कोणीतरी वेळेवर उघडून वाचावी लागते.

आपल्या घरातही असे कोणी असते. चुलीचा धूर, उंबऱ्यावरची भांडणे, महिन्याअखेरची ओढाताण, हे सारे स्वतः झेलून ते आपल्यापर्यंत स्वच्छ हवा येऊ देते. पहाटे आपण उठण्यापूर्वी रस्ता झाडून जाणारी माणसेही त्यांतलीच. ती तक्रार करीत नाहीत, म्हणून त्यांना काही होत नाही असे आपण समजतो. त्यांची चौकशी अंदाजाने करून भागत नाही; जवळ जाऊन, उजेडात पाहावे लागते. मामा आता जीप चालवीत नाहीत, त्यांचा मुलगा चालवतो. बॉनेटच्या आतली ती पांढऱ्या आकड्यांची रांग मात्र त्याने पुसलेली नाही. शेवटच्या आकड्याखाली तो नवा आकडा लिहीत जातो.